खांद्यावरचा हात

फ्राउकेचे दोन्ही हात साबणाच्या पाण्यात होते, तेव्हाच तिच्या डाव्या खांद्यावर हात पडला. ओळखीचा, उबदार, किंचित दाब देणारा. स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतं.

"फ्राउके," वरून नवऱ्याची हाक आली.

ती गेली नाही. खिडकीतून कालव्याकडे बघत राहिली. बेरेंडने पुन्हा हाक मारली, मग तो गप्प झाला. खांद्यावरचा हात जरा वेळ तसाच राहिला आणि निघून गेला.

हा हात तिनेच घरात आणला होता. बेरेंडचं डावं अंग लकव्याने गेल्यापासून त्याचं सगळं तीच करत होती. अंघोळ, जेवण, कूस बदलणं, रात्रीचं भांडं. वसंतात ती पार खचली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला मेरेल नावाच्या एका तरुण मानसशास्त्रज्ञ मुलीकडे धाडलं. घरच्या आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांनी स्वतःच स्वतःला बक्षीस दिलं, तर त्यांना बळ येतं का, हे ती तपासत होती.

"बक्षीस म्हणजे चॉकलेट वगैरे?" फ्राउकेने विचारलं होतं.

"तुम्हाला हवं ते. पण तुम्हीच द्यायचं, आणि मनापासून द्यायचं. उगीच दिलं तर त्याची चव जाते."

फ्राउकेने बराच विचार केला. "कोणी खांद्यावर हात ठेवला तर बरं वाटेल. आमच्याकडे तशी पद्धत नाही. बेरेंड फारच खूश झाला तर म्हणतो, वाईट नाही."

मेरेल हसली. "मग तुमचाच हात, तुमच्याच खांद्यावर."

सुरुवातीला तिला वेड्यासारखं वाटलं. चादर बदलली की उजवा हात डाव्या खांद्यावर. त्याची दाढी करून झाली की पुन्हा. बेरेंडला तिने यातलं काही सांगितलं नाही. त्याने चेष्टा करून करून जीव खाल्ला असता. पण तिला झोप लागू लागली. भांडी घासताना ती गुणगुणू लागली. पुढे पुढे हात आपसूक खांद्याकडे जायचा. मग एक दिवस तो न उचलताच स्पर्श आला.

"सवय लागते शरीराला," मेरेल म्हणाली. "बक्षीस येणार हे त्याला आधीच कळतं."

पानगळ सुरू झाली आणि स्पर्शाची वेळ बदलली. चादर बदलली, काही नाही. दाढी केली, काही नाही. एका दुपारी मात्र बेरेंडची हाक आली, ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढली आणि तिथेच थांबली. तेव्हा तो आला. पुढच्या खेपेला तिने पायरीवर पायच ठेवला नाही. हात जास्तच उबदार होता.

तिने हे मेरेलला सांगितलं, तेव्हा समोरची कॉफी निवून गेली होती.

"मी तुम्हाला बक्षीस द्यायला शिकवलं," मेरेल हळूच म्हणाली. "ते कशासाठी द्यायचं, हे मी नाही ठरवलं. आपण हे थांबवू या. आणि तुम्ही त्यांच्याशी बोला."

"काय बोलू? तू हाक मारतोस आणि मी नुसती ऐकते, असं?"

मेरेलचा प्रयोग थांबला. हात थांबला नाही.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी फ्राउके बटाटे सोलत होती. बेरेंडच्या औषधाची वेळ टळून गेली, तरी हाक आली नाही. सुरी टाकून ती जिन्याकडे धावली. अर्ध्या जिन्यात खांदा धरला गेला. या वेळी हात थोपटल्यासारखा नव्हता. घट्ट, मागे ओढणारा. तिने खांदा झटकला, कठडा धरला आणि वर गेली.

पलंग रिकामा होता. खोलीच्या मधोमध एक सपात पडली होती. बेरेंड खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, घामाने थबथबलेला, कपाळावर खरचटलेला.

"पडलास?"

"दोनदा."

"मग हाक का नाही मारलीस?"

तो कालव्याकडे बघत राहिला. मग एका बाजूने वाकड्या झालेल्या तोंडाने एकेक शब्द जुळवत बोलला. "हाक गिळली की खांद्यावर हात येतो. आधी वाटलं, तूच मागे उभी आहेस."

फ्राउके पलंगाच्या कडेला बसली. "कुठल्या खांद्यावर?"

"डाव्या."

त्या अंगाला टाचणी टोचली तरी त्याला कळत नव्हतं.

"तू अंग पुसतेस तेव्हा कधी येत नाही," तो म्हणाला. "आज जमिनीवर पडून होतो, हाक मारणारच होतो, तर तो हात सोडेचना. मग म्हटलं, सरकत सरकत जाऊ."

खालून एक मालवाहू नाव गेली. तिच्या लाटा काठाला लागून विरल्या.

"फ्राउके, मला इथे राहायचं नाही. पुलापलीकडच्या शुश्रूषागृहात ठेव मला. परक्या बाईने धुतलेलं चालेल. तू नको धुऊस. तू रविवारी कॉफी प्यायला ये, बायकोसारखी."

हे वाक्य आपल्यालाच कधीतरी बोलावं लागणार, या भीतीत तिने अख्खी पानगळ काढली होती. तिला रडू आलं नाही.

"येईन," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. दोघांचेही हात आपापल्या मांडीवर होते. आणि दोघांचेही डावे खांदे, एकाच वेळी, कशाच्या तरी भाराने जरासे खाली गेले.