यादीतली टेस्ट-टू

"अडतीस," विरेश म्हणाला आणि खुर्चीत मागं रेलला. "मुरुमच्या आडतीपासून तुळजापूरच्या लॉजपर्यंत, माझ्या हातच्या अडतीस वेबसाइट्स. सगळ्या इथं हायत, लिहून घे." इथं म्हणजे डोक्यात. त्यानं बोटानं दाखवलंही.

त्याच्या दुकानात दोन वर्षं काम करणाऱ्या नूरुन्निसानं काही लिहून घेतलं नाही. जुना सर्व्हर पाचला कायमचा बंद होणार होता. सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीला चारच्या आत यादी हवी होती. यादीत असेल ते नव्या सर्व्हरवर जाणार, नसेल ते पुसलं जाणार. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"अण्णा, डोक्याला जरा आराम द्या. सर्व्हरलाच विचारते."

कंट्रोल पॅनेल उघडून एकेक साइट शोधण्यात विरेशची पंधरा वर्षं गेली होती. नूरनं पॅनेल उघडलंच नाही. तिनं चार ओळी लिहिल्या, किल्ली म्हणून अक्षरांची एक लांबलचक माळ जोडली आणि एपीआयच्या खिडकीतून, जिथून एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी बोलतो, विचारलं, तुझ्याकडं कोण कोण राहतं? घोट घ्यायला विरेशनं चहाचा कप उचलला, तोवर उत्तर हजर. पंचवीस नावं.

विरेश खुलला. "बघ! तेरा विसरली तुझी मशीन."

"बरोबर पंचवीस?" नूरची भुवई चढली. "ही पंगतीसारखं वाढतीय, अण्णा. एक पंगत उठल्याबिगर दुसरी बसवत न्हाय." तिनं दुसरी पंगत मागितली. आणखी सोळा आल्या.

एक्केचाळीस.

विरेशनं कप खाली ठेवला. त्याला गप्प करणारं माणूस उमरगा तालुक्यात अजून जन्मलेलं नाही, असं तो स्वतःच सांगायचा. आता त्यानं नूरसाठी दुसरा चहा मागवला.

तीन जास्तीच्या होत्या. मिनाजचं बांगड्यांचं दुकान आणि ढोकीची रसवंती, ही दोन नावं दिसताच त्याला आठवली. तिसरीचं नाव होतं टेस्ट-टू.

"ती काढ," विरेश म्हणाला. "शिकताना केली असंल कधीतरी. नव्या पॅकेजात जागा चाळीसच हाय. एक जाणारच."

नूरनं ती ओळ पुसायला बोट नेलं आणि तिथंच थांबवलं. यादीत प्रत्येक नावापुढं शेवटच्या बदलाची वेळ होती.

"अण्णा, हिच्यात आज सकाळी पावणेअकराला कुणीतरी लिहिलंय."

साइट उघडली. पांढरं पान, ना रंग, ना चित्र. वर 'येथे नाव टाका' आणि खाली सहाशे बारा नावं. नाव, गाव, फोन, रक्तगट. सगळ्यात ताजं नाव अयोध्या, येणेगूर, ओ निगेटिव्ह.

विरेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सहा वर्षांपूर्वी दवाखान्यातला कंपाउंडर बजरंग रक्तदात्यांच्या यादीची साइट हवी म्हणून रोज येऊन बसायचा. त्याला उठवायला म्हणून विरेशनं दहा मिनिटांत एक कच्चं पान करून दिलं होतं. सध्या हे वापर, चांगली नंतर करून देतो.

त्यानं बजरंगला फोन लावला.

"ती साइट वापरतोस का रे अजून?"

"व्हय की. परवाच बाळंतिणीला दोन बाटल्या मिळाल्या तिच्यातनं. का वो? चांगली झाली का तयार?"

विरेशनं फोन ठेवला.

"चारला बारा मिनिटं कमी," नूर म्हणाली. "एक तर काढावीच लागंल. कुठली काढू?"

विरेशनं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. आडत्याची, लॉजवाल्याची, रसवंतीची. पुन्हा वर पोचला तेव्हा पहिल्याच ओळीवर त्याची स्वतःची होती. गॉगल घातलेला फोटो, हार, नारळ आणि 'चोवीस तास आपल्या सेवेत'.

"ही काढ."

"अण्णा, ही तर तुमची."

"मी हाय की हितं दुकानात. मला शोधायला कोण वेबसाइटवर येतंय?"

नूरनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, ओळ पुसली आणि यादी पाठवली.

पावणेपाचला टेस्ट-टू नव्या सर्व्हरवर उघडली. नावं सहाशे बाराच्या सहाशे बारा. विरेशनं कीबोर्ड आपल्याकडं ओढला. नाव टाकलं, गाव टाकलं, फोन टाकला. पुढच्या चौकटीत बोटं अडली. नूर बघत होती, म्हणून त्यानं पाठ वळवून घरी फोन लावला.

"आई, माझा रक्तगट कुठला गं?"

पलीकडं पार्वतम्मांच्या हातातलं भांडं खाली पडल्याचा आवाज आला.

"कुठं पडलास रे?"