अजून अकरा आहेत

म्हैसूरच्या आमच्या नाट्यमहोत्सवात यंदा ठरलं, नवं काही विकत आणायचं नाही. सत्काराची शालसुद्धा नाही. मी अग्रहार वस्तीत घरोघरी जाऊन जुन्या शाली मागितल्या. लोकांनी पिशव्या भरभरून दिल्या, जसे काही वाटच बघत होते.

सत्कार अंबुबाईचा. वीस वर्षं आमचं मैदान झाडते. शाल घालणार अध्यक्ष त्र्यंबकराव. त्यांच्या घरची धुणीभांडीही तीच करते.

त्र्यंबकरावांनी शाल उलगडली आणि थांबले. कोपरा डोळ्यांजवळ नेला.

"ही माझी शाल आहे. तीन वर्षांपूर्वी याच स्टेजवर मिळालेली. कपाटात होती." माइक चालूच होता. त्यांनी अंबुबाईकडे पाहिलं. "आमच्या घरात बाहेरचं माणूस एकच येतं."

अंबुबाईचे जोडलेले हात तसेच राहिले. कुठली पिशवी कोणाची, ते मी घाम पुसत आठवू लागलो. पिशव्यांवर नावं लिहून घ्यायची अक्कल मला कुठली!

पहिल्या रांगेतून त्र्यंबकरावांच्या सौ. उठल्या, ताराबाई.

"पिशवी मी दिली. घरात अजून अकरा आहेत. आता तिला घालताय, की मी वर येऊ?"

हशा पिकला. त्र्यंबकरावांनी मुकाट्याने शाल घातली. "चुकलो," असं माइकमध्येच म्हणाले.

अंबुबाईने शाल अंगाभोवती घट्ट ओढली. "होगली सर, जाऊ दे. तीन वर्षं हिला ऊन दाखवून घडी मीच घालते. अंगावर तेवढी कधी घेऊन बघितली नव्हती."