चारच्या वर नको

सत्त्याऐंशी साल. चंडीगडमध्ये जमावबंदी होती, तरी शाळांचा बास्केटबॉलचा सामना रंगात आला होता. पंच होते हवाई दलातले सार्जंट दिघे. फ्री थ्रोच्या वेळी बास्केटपाशी आता फक्त सहा खेळाडू, बाकीचे मागे, हा यंदाचा नवा नियम ते सातारी हिंदीत ओरडून ओरडून सांगत होते. दहाही पोरं तिथून हलायला तयार नव्हती.

शेवटी बंदोबस्तावरचा हवालदार बंदूक सावरत मैदानात शिरला.

"ओए, चार से ज्यादा नहीं!"

पोरं झटकन मागे सरली. चारच उरली.

दिघ्यांना राहवेना. "पर खेलते तो दस हैं, हवालदारजी."

"भागते हैं तब तक खेल है. खडे हो गए तो मजमा." हवालदारानं पुन्हा मोजलं. "और आप पाँचवे हो जी. पीछे हटो."