टिंबाआधीची रेघ
लोकशाहीला कधीकधी एका तिरक्या रेघेचाही आधार पुरतो. बुऱ्हाणपूरच्या एका कॉलेजात ती रेघ कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या प्रतिभा मॅडमनी साइट अडवणाऱ्या प्रॉक्सीच्या नियमात टिंबाआधी घातली होती, त्यामुळे होस्टेलच्या पातळ डाळीचे फोटो टाकणारी मुलांची साइट तेवढी कॉलेजच्या नेटवर बंद झाली. मुलांनी पत्त्यातल्या टिंबाऐवजी डॅश घालून लगेच दुसरी काढली. “रेघ हटवा, मॅडम,” प्राचार्य म्हणाले, “दोन्ही बंद होतील.” “हटवली की टिंबाऐवजी कुठलंही अक्षर चालतं, सर. होस्टेलभत्त्याच्या सरकारी फॉर्मच्या साइटचा पत्ता त्या एका अक्षरानेच वेगळा आहे, तीही अडकेल. मुली भरतील कुठून?” “तुमचं कॉन्ट्रॅक्ट माझ्याच सहीनं वाढतं, मालूम आहे ना?” “आहे. डाळ घट्ट करा, रेघ निघणार नाही.” मॅडमनी नियम बदलायच्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डची वायर उपटली, कीबोर्ड डब्याच्या पिशवीत कोंबला आणि घर गाठलं. मुलींनी फॉर्म मोबाइलवरून कधीच भरले होते. कॉलेजचं नेट फक्त प्राचार्य वापरत.