शनिवारचं पत्रक

नगरपालिकेच्या साप्ताहिक पत्रकाचा मजकूर कारकून दोन दिवस आधीच लिहायचा. गटार काठोकाठ तुंबलेलं असलं तरी ‘गटार साफ झाले’ असं बेधडक ठोकून द्यायचा, आणि कुणी टोकलंच तर हसून म्हणायचा, “अहो, पत्रक निघेपर्यंत होऊन जाईल!”

या आठवड्यात मात्र भाजीबाजार उठवताना अतिक्रमण पथकाने दोन भाजीवाल्यांची डोकी पहारीने फोडली, आणि त्यातला एक कारकुनाचाच सख्खा मेहुणा निघाला. त्याला दवाखान्यात पोचवून कारकून रक्ताने माखलेल्या शर्टानेच टेबलाशी बसला आणि नोकरीत पहिल्यांदा त्याने घडलं तेच लिहिलं: ‘पथकाच्या मारहाणीत दोघे जखमी.’

साहेबांनी शांतपणे लाल पेन काढलं. ‘पथकाच्या मारहाणीत’ खोडून ‘पाय घसरून’ केलं, आणि ‘दोघे’ खोडून ‘तिघे’.

“साहेब, दोघेच होते की हो!”

तेवढ्यात पथकाचा मुकादम पहार घेऊन आत आला आणि त्याने दाराला आतून कडी घातली.

साहेब हसले.



“अरे, पत्रक निघेपर्यंत होऊन जाईल.”