डागावरून ओळख

"ही माझी गिटार आहे," म्हणत त्याने माझं थोबाड फोडलं.

ऑनलाइन जाहिरात बघून विकत घ्यायला आलेला पोरगा. खुंट्यांपाशी सिगारेटने जळलेला डाग दिसला आणि सुटलाच. मला खाली पाडून गिटार हिसकावली. मी दांडी धरून ठेवली, तर माझ्या डाव्या हातावर बूट दाबला. काडकन आवाज झाला.

"क्लासमधून उचललीस ना, चोरा? हा डाग मी पाडलाय."

"येड्या, वाजवताना सगळेच तिथं तारेत सिगारेट खोचतात. डाग काय तुझ्या एकट्याच्या बापाचा आहे?"

त्यावर पोटात लाथ.

"तू वाजवतोस काय?" मी रक्त थुंकत विचारलं.

"जी, सी, डी. तीन सोपे कॉर्ड. त्याचं काय?"

"मग दांडीवर पार पेटीजवळ, बाराव्या फ्रेटपाशी बघ. तारांनी खड्डे पाडलेत. जी, सी, डीवाला तिथपर्यंत जातच नाही."

त्याने अंगठा फिरवून पाहिलं. तोंड उतरलं. मला उचलून भिंतीला टेकवलं, गिटार माझ्या मांडीवर ठेवली.

"सॉरी भावा, चुकलंच. पण तू विकतोयस कशाला?"

"ऑर्केस्ट्रात घेतलंय. उद्या पहिला शो आहे. इलेक्ट्रिक घ्यायची होती."

"भारीच की. मग ही मलाच दे. एकदा वाजवून दाखव ना."

मी डावा हात दांडीवर नेला. करंगळीशेजारचं बोट वाकेना. उजव्या हाताने वाकवून बघितलं, तरी सरळच.

तो समोर मांडी घालून ऐकायला बसला होता. मी उजव्या हाताने दांडी घट्ट धरली आणि गिटार त्याच्या डोक्यात घातली.