मागचं चाक

हातोडा उगारून नवरा माझ्या अंगावर धावून आला, तशा सासूबाई ओरडल्या, "अरे, त्या सायकलवरूनच मिरवत जाते ना ही ऑफिसला? ती फोड आधी!"

तो गर्रकन वळला. दाराशी उभ्या माझ्या हायब्रीड सायकलचं सरळ हँडल पार वाकलं, गिअर निखळले, चाकाच्या तारा तटातट तुटल्या.

"मागचं चाक राहिलं की रे!" सासूबाईंचं चालूच.

शेवटी घामाघूम होऊन तो आत जाऊन आडवा झाला.

"तुम्हीच चिथावलंत त्याला, आई," मी हुंदके देत म्हणाले.

सासूबाईंनी कोपरात कायमचा वाकलेला हात माझ्या पाठीवर ठेवला.

"सायकल नवी आणू गं. याचा बाप असाच धावून यायचा, तेव्हा घरात सायकल नव्हती."